आडनाव मोठ्याने सांगता येईल असे घर

"बाबा, तुम्ही त्या वेळी हेच घर का घेतलंत?"

गेल्या नाताळच्या सुटीत मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही दोघे गॅलरीत उभे होतो. खाली सोसायटीच्या फळ्यावर पुनर्विकासाच्या सभेची सूचना लागली होती. आमची चार मजली जुनी इमारत पाडून तेथे मनोरा उभा राहणार, जुन्या सभासदांना मोठ्या जागा मिळणार, अशी बोलणी दोन वर्षे चालू आहेत. मुलगा ठाण्याला राहतो. नव्या जागेत परत यायचे, की ती विकून तिकडेच ऐसपैस घर घ्यायचे, हे त्याला ठरवायचे आहे. त्याची मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. आम्ही प्रभादेवीच्या या घरात राहायला आलो तेव्हा त्याची थोरली बहीण नेमकी याच वयाची होती.

मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. स्टेशन जवळ होते, आईची शाळा जवळ होती, असे. ते खोटे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. खरे उत्तर देण्यास थोडा अवकाश हवा होता. म्हणून हे लिहीत आहे.

माझे वडील अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातून मुंबईस आले. गावात आमचे घर वेशीबाहेर होते. आजोबांच्या वेळी मिशनच्या फादरांकडून आमच्या वाड्यातील काही घरांनी बाप्तिस्मा घेतला. देव बदलला, घराची जागा तीच राहिली. विहीर तीच, पायवाट तीच आणि गावाने हाक मारण्याची रीतही तीच. मुंबईत वडिलांना गिरणीत काम मिळाले ते कताईच्या खात्यात, ज्याला कामगार त्रासन म्हणत. विणकामाच्या साचा खात्यात पगार चांगला होता. परंतु तेथे आमच्या लोकांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून बाहेर घ्यावा लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्याचा हात त्याला नको होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. वडील त्यानंतर दोन दशकांनी गिरणीत लागले, तरी ती भिंत पुरती पडलेली नव्हती. गळ्यात क्रूस आहे म्हणून कोणी त्यांना साचा खात्यात बोलावले नाही.

आम्ही वाढलो वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आमच्या खोलीत सहा माणसे होती. चाळींतही कोणत्या इमारतीत कोण, हे सर्वांना ठाऊक असे. १९७४ च्या जानेवारीत तेथे दंगल उसळली. दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, पेटते बोळे यांचा वर्षाव एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीवर होत होता. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमच्या खोलीच्या दारावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. दगड मारणाऱ्यांनी ती पाहिली नाही; त्यांना आमची चाळ कोणाची एवढेच पुरेसे होते.

हे सांगण्याचे कारण असे, की घर शोधायला मी निघालो तो हा इतिहास पाठीवर घेऊन निघालो. माणूस म्हणतो, मला तीन खोल्या हव्यात, हवा-उजेड हवा, पाणी हवे. प्रत्यक्षात तो आणखीही काही शोधत असतो. आणि ते त्याचे त्यालाही लवकर कळत नाही.

१९८६ साल होते. गिरण्यांचा तो मोठा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता आणि त्यात वडिलांची नोकरी संपली होती. मी टपाल खात्यात कारकून होतो, पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज मिळत होते, तिचे थोडे सोने होते. चाळीची खोली धाकट्या भावांना अपुरी पडत होती. आम्ही जागा पाहू लागलो.

पहिली जागा दादरच्या बाजूला एका नीटनेटक्या इमारतीत होती. विकणाऱ्याला आम्ही पसंत होतो. सोसायटीच्या पदाधिकाऱ्याने आम्हांला चहा दिला, नोकरी विचारली, मुलांची वये विचारली. मग आडनाव विचारले. आडनाव ऐकून गाव विचारले. गाव ऐकून, खाण्यापिण्याचे कसे, असे विचारले. चार दिवसांनी निरोप आला, की जागा पूर्वीच कोणाला तरी बोललेली होती. ती जागा पुढे आठ महिने रिकामी होती.

दुसरी जागा उपनगरातल्या एका ख्रिस्ती वसाहतीत होती. येथे तरी प्रश्न येणार नाही, असे पत्नीला मनापासून वाटत होते. चर्च हाकेच्या अंतरावर, शेजारी सगळे आपल्या धर्माचे, मुलांना धर्मशिक्षणाची सोय. तेथील एका वयस्क बाईंनी आमचे आनंदाने स्वागत केले. बोलता बोलता त्यांनी आडनाव विचारले. त्या वसाहतीच्या दारादारांवर पोर्तुगीज वळणाची नावे होती. आमचे आडनाव नगरकडचे, मातीचे. त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हां, म्हणजे तुम्ही मिशनकडचे ना?" त्यांच्या मनात काही वाईट नसेल. परंतु परत येताना लोकलमध्ये पत्नी खिडकीबाहेर पाहत राहिली. अंधेरी गेल्यावर म्हणाली, "पहिल्यांनी आपल्याला नाही म्हटलं ते बरं होतं. इथं रोज हो म्हणून घ्यावं लागेल."

तिसरी जागा ही, प्रभादेवीची. वरळीकडे जाणाऱ्या अंगाला मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत होती. चोवीस बिऱ्हाडे. बहुतेक बौद्ध, कोणी मंत्रालयात, कोणी आयुर्विम्यात, कोणी रेल्वेत, दोन शिक्षक, एक वकील. बी.डी.डी. चाळीतून आणि नायगावहून शिकून वर आलेली ही पहिली पिढी. त्यांच्या घरांत पुस्तकांची कपाटे होती, दारांवर पितळेच्या पाट्या होत्या आणि त्या पाट्यांवर आडनावे पूर्ण लिहिलेली होती.

माझा अर्ज भरून घेताना सेक्रेटरीसाहेबांची पेन्सिल एका रकान्यावर अडली. अनुसूचित जातींच्या यादीसंबंधी राष्ट्रपतींचा जो आदेश १९५० मध्ये निघाला, त्याप्रमाणे हिंदू नसलेल्यास त्या यादीत स्थान नव्हते. शिखांना १९५६ साली ते मिळाले. ख्रिस्त्यांना नव्हते, आजही नाही. संस्थेच्या नियमांत काही थोड्या जागा इतरांसाठी होत्या. त्यांनी विचारले, "गाव कोणतं?" मी सांगितले. "घर वेशीच्या आत की बाहेर?" मी म्हणालो, "बाहेर." त्यांनी 'इतर' या रकान्यात खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "कागदाला तुम्ही आमच्यातले नाही. गावानं मात्र आपल्याला कधी वेगळं धरलं नाही."

तरीही आम्ही लगेच होकार दिला नाही. पत्नीची शंका रास्त होती. "अहो, नाताळ आपली मुलं कुणाबरोबर करणार?" माझी शंका वेगळी होती आणि ती मी तिला सांगितली नाही. मला वाटत होते, की चाळ सोडायची ती पुन्हा आपल्याच लोकांत जाऊन राहण्यासाठी काय? बापाने वेशीबाहेरून मुंबई गाठली आणि मुलाने कर्ज काढून पुन्हा वेगळा वाडाच विकत घेतला, असे तर होणार नाही ना?

या प्रश्नाने मला काही आठवडे झोप दिली नाही. मग एके दिवशी दादरहून पायी येताना मला माझ्याच शहराची रचना निराळी दिसू लागली. मुंबईत आपापल्यांत राहत नाही असे कोण आहे? गावदेवीची सारस्वतांची सहकारी संस्था १९१५ सालची. देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. दादरला पारशी कॉलनी आहे, तिच्या शेजारी हिंदू कॉलनी आहे. वांद्र्याला कॅथलिकांची सालसेत कॉलनी आहे. त्या वसाहतींतील माणसाला कोणी विचारत नाही, की तुम्ही आपल्यांतच का राहता. (पुढे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते असा निकाल दिला.) आमच्या लोकांनी तेच केले की त्याला वस्ती म्हणतात. शब्द कोण वापरतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

आणि वाडा व वसाहत यांतला भेद मला तेव्हा कळला. वाड्यात दुसऱ्याने आपल्याला ठेवलेले असते. वसाहतीत आपण जातो, आणि वाटले तर निघूही शकतो. दोन्ही ठिकाणी शेजारी तीच माणसे असतील. परंतु एका ठिकाणी किल्ली गावाकडे असते, दुसऱ्या ठिकाणी आपल्या खिशात. बाबासाहेब कित्येक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत राहिले, आणि नंतर त्यांनी आपल्या ग्रंथांसाठी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. त्यांनी आपली माणसे सोडली असे कोणी म्हणाले नाही. कोठे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, हाच तर त्यांच्या लढ्यातला एक धडा होता. १९८७ च्या मे महिन्यात आम्ही सामान हलवले.

या घराचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगत बसलो तर पाने पुरणार नाहीत. दोन-चार गोष्टी सांगतो.

तळमजल्यावर संस्थेची अभ्यासिका होती. वीस खुर्च्या, चार ट्यूबलाइट, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र. रात्री साडेदहापर्यंत मुले तेथे बसत आणि वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब कोणालाही इंग्रजीचा धडा समजावून देत. माझ्या मुलीला शिक्षक, वकील, अधिकारी ही माणसे पुस्तकात भेटली नाहीत; ती जिन्यात भेटली, पायजमा घालून दूध आणताना. आपल्यासारखे आडनाव असलेला माणूस मोठा होऊ शकतो, हे तिला कोणी पटवून द्यावे लागले नाही. मला ते पंचविसाव्या वर्षी पटले होते.

नाताळची काळजी पहिल्याच वर्षी मिटली. पत्नीने दारात कागदी तारा लावला, तर समोरच्या बिऱ्हाडातील मुलांनी हट्ट धरून जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एकेक तारा लावला. मध्यरात्रीच्या मिस्साला आम्ही दादरच्या पोर्तुगीज चर्चला जात असू. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांनी स्थापिलेले ते चर्च. आताची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० नंतरच्या दशकात उभारलेली. परत येईपर्यंत दोन-तीन घरांत दिवे जळत असत, आमच्या करंज्यांची वाट पाहत. आणि ६ डिसेंबरला आमची मुले इमारतीच्या फाटकाशी पाण्याचे पिंप घेऊन उभी राहत. चैत्यभूमीकडे जाणारी माणसे लांबून, जालन्याहून, नांदेडहून, अनवाणी येत. माझ्या मुलीने एकदा विचारले, "बाबा, हे आपले कोण?" मी म्हणालो, "नातेवाईक."

१२ मार्च १९९३ ची दुपार मी कधी विसरणार नाही. सेंच्युरी बाजारच्या स्फोटाने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी कचेरीत, पत्नी शाळेत, मुले त्यांच्या शाळेत. फोन लागत नव्हते. संध्याकाळी धापा टाकत घरी आलो तो दोन्ही मुले तळमजल्यावरच्या आजींच्या खोलीत भात खात बसलेली. इमारतीतल्या तिघा निवृत्त गृहस्थांनी सर्व मुलांची यादी केली होती आणि शाळाशाळांत जाऊन एकेकाला हाताला धरून आणले होते. त्या यादीत आमच्या मुलांची नावे कोणत्या रकान्यात होती, हे मी विचारले नाही.

पण, वाचकहो, हे सारे गोडच होते असे म्हणालो तर मी खोटा ठरेन.

१९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राकडूनही मिळाल्या. न्याय्य होते, चौतीस वर्षे उशिराच झाले. त्या वेळी माझा धाकटा भाऊ आमच्याकडे राहत होता. तो आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा अभ्यासिकेत एकाच टेबलावर बसून केंद्र सरकारच्या एका परीक्षेची तयारी करीत. दोघांचे आजोबा शेजारच्या गावांतले, दोघांचे वडील गिरणीतले. दुसऱ्या वर्षी निकाल लागला. माझ्या भावाला गुण थोडे अधिक होते. निवड त्या मुलाची झाली. संध्याकाळी तो मुलगा आणि त्याची आई पेढे घेऊन आली. त्या बाई दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात जड झाला होता. शेवटी माझ्या आईने उठून पुडा घेतला, एक पेढा त्या मुलाच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "आपल्यातला एक गेला ना वर? झालं तर." भाऊ त्या रात्री जेवला नाही. पुढे त्याने खाजगी कंपनीत नोकरी केली आणि चांगली केली. पण त्या दिवसानंतर तो अभ्यासिकेत कधी बसला नाही.

कधी सोसायटीच्या सभेनंतर कोणी तावातावाने विचारी, "बाबासाहेबांनी एवढा मार्ग दाखवला, तरी तुम्ही मिशनमध्येच का राहिलात?" मी सांगे, की माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या आधी आपल्यापुरता एक मार्ग शोधला, आणि आजीच्या मरणाच्या वेळी ज्या प्रार्थनेने तिला धीर दिला ती मी सोडू शकत नाही. कोणाला पटे, कोणाला नाही. पण तो वाद बरोबरीच्या माणसांचा होता. मला नीच ठरवून तो कोणी केला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या स्वतःच्या दोषाची. १९९६ च्या सुमारास बी.डी.डी. चाळींतली आणि जवळच्या झोपडपट्टीतली मुले आमच्या अभ्यासिकेत येऊन बसू लागली. कोणी चपला जिन्यात टाकी, कोणी मोठ्याने बोले. एकदा एक पंखा चोरीस गेला. सभेत ठराव आला, की अभ्यासिकेला कुलूप लावावे आणि किल्ली फक्त सभासदांच्या मुलांना द्यावी. ठरावाच्या बाजूने हात वर झाले. त्यांत माझाही हात होता. मला वाटले, आपली मुले बिघडू नयेत एवढेच आपण मागत आहोत. तेव्हा तळमजल्यावरच्या आजी, ज्यांना सभेत मत नव्हते, दारातून म्हणाल्या, "वेशीभायेरून आलासा आन आता तुमीच वेस घालतासा व्हय?" कोणी काही बोलले नाही. ठराव मागे घेतला गेला नाही. पण कुलूप कोणी आणले नाही. पुढे मुलांनी पाळी लावून चपला लावायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक हाती आले, तेव्हा ही सभा मला पुन्हा आठवली. मेरी पॅटिलो या काळ्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शिकागो शहरातील काळ्या मध्यमवर्गाच्या एका वसाहतीत राहून 'ब्लॅक पिकेट फेन्सेस' हे पुस्तक लिहिले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत घरांच्या खरेदीखतांतच, हे घर काळ्या माणसास विकू नये, अशी अट घालीत. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांनी राबवू नयेत असे ठरवले, आणि १९६८ मध्ये घरांच्या बाबतीत भेदभावास बंदी करणारा कायदा झाला. दारे उघडल्यावर पुष्कळ शिक्षक, पोस्टमन, नर्सबाई गोऱ्यांच्या उपनगरांत गेल्या नाहीत. शिकागोच्या दक्षिण भागातील चॅटमसारख्या वसाहतींत, आपल्याच लोकांत, त्यांनी घरे घेतली. हिरवळ राखली, मुलांना पियानो शिकवला. मात्र पॅटिलोबाई लिहितात, की काळ्या मध्यमवर्गाची वसाहत गरिबांच्या वस्तीला नेहमी खेटून असते. गोऱ्या मध्यमवर्गाला जे अंतर मिळते ते यांना मिळत नाही. त्यामुळे मुले दोन्ही गोष्टी शिकतात, पुस्तकही आणि गल्लीही, आणि आईबापांचा जीव सदैव टांगलेला असतो. वाचता वाचता मी पुस्तक मिटले. सात समुद्रांपलीकडे कोणीतरी आमच्या सभेचे इतिवृत्त लिहून ठेवले होते. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि त्यांनी उत्तरही पाठवले होते. त्या दोघांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागली नसेल.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर.

मी शाळेत असताना हजेरीच्या वेळी आडनाव खालच्या आवाजात सांगत असे. मास्तर पुन्हा विचारीत, आणि दुसऱ्या वेळी ते सबंध वर्गाला ऐकू जाई. पुढे मी युक्ती शिकलो. बाप्तिस्म्याचे नाव मोठ्याने सांगायचे आणि आडनाव गिळायचे. कोणी गाव विचारले तर नुसते 'नगरकडचे' म्हणायचे. ही लाज मला कोणी शिकवली नाही. ती हवेत होती, तशी ती अंगात गेली. राग मला फार उशिरा आला. आधी लाज आली आणि तिने बरीच वर्षे खाल्ली.

माझी मुलगी २००० साली एका महाविद्यालयात होती. कॅन्टीनमध्ये एका मैत्रिणीने तिला विचारले, "तू ख्रिश्चन ना? मग तुझं आडनाव असं कसं? म्हणजे तुम्ही आधी ते होतात का?" मुलगी म्हणाली, "हो. माझे आजोबा गिरणीत त्रासनमध्ये होते. तुझे कुठे होते?" घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा ती संतापाने लाल झाली होती. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तेथे राग होता, लाज नव्हती. ते मला इतके नवे होते, की मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळाखाली तोंड धुतले. पत्नी मागून आली. म्हणाली, "अहो, घराचे हप्ते फिटले."

मुलाचे म्हणणे वेगळे आहे आणि तेही येथे नोंदले पाहिजे. तो म्हणतो, "तुम्ही आम्हांला फार जपलंत. वसतिगृहात गेलो तेव्हा पहिलं वर्ष मला बाकीच्यांशी कसं बोलावं तेच कळेना. मला वाटायचं, सगळीकडे जिन्यात वकीलसाहेब असतात." त्याचे खरे आहे. आपल्यांत वाढलेल्या मुलाला परक्यांत उभे राहण्याची सवय उशिरा होते. त्याचे मोल त्याने दिले, मी नाही.

प्रभूच्या चरित्रातील एक साधी गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. त्याचे सार्वजनिक कार्य तीन वर्षांचे. त्याआधीची सुमारे तीस वर्षे नासरेथात गेली, आपल्या आईबापांत, सुताराच्या कामात, ज्या गावाचे नाव काढले की लोक नाक मुरडीत अशा गावात. आणि त्याच नासरेथच्या लोकांनी पुढे त्याला गावाबाहेर काढले. आपली माणसे आपल्याला नेहमी समजून घेतात असे मुळीच नाही. तरी ती तीस वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

आता काळ बदलला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. माझ्या धाकट्या भावांच्या शेजाऱ्यांचे डोळे त्या दिवशी भरून आले होते. एल्फिन्स्टन रोड स्टेशनला २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात. ज्यांच्या गिरण्यांत वडिलांनी घाम गाळला त्या जमिनींवर काचेच्या इमारती आहेत. आमच्या सोसायटीच्या मनोऱ्यात उद्या कोण राहायला येईल हे आम्ही ठरवणार नाही, आणि ठरवूही नये. चोवीस बिऱ्हाडांतली नऊ आधीच दुसरीकडे गेली.

म्हणून मुलाला मी असे कर किंवा तसे कर, असे सांगणार नाही. त्याच्या मुलीला वेगळ्या प्रकारचे बळ लागेल. कदाचित ठाण्याच्या त्या मोठ्या वसाहतीत, सगळ्या प्रकारच्या लोकांत, ते तिला मिळेलही. एवढेच सांगेन, की जागा पाहायला जाशील तेव्हा नुसते चौरस फूट मोजू नकोस. मुलीला बरोबर ने. सोसायटीच्या कचेरीत तुझे आडनाव विचारतील तेव्हा ते तू सांगू नकोस. तिला सांगू दे. ते ऐकल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघ. आणि मग तिच्याकडे बघ.

सुटी संपून ती मंडळी परत निघाली तेव्हा फाटकावरच्या नव्या रखवालदाराने वहीत नोंद करण्यासाठी नाव विचारले. नात बाबाचा हात सोडून पुढे झाली. पाय उंचावून तिने आपले नाव, बापाचे नाव आणि आडनाव, तिन्ही सांगितले, एवढ्या मोठ्याने की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आम्हां दोघांना ते स्वच्छ ऐकू आले.